बरोबर, फुली आणि गोल

"या मोहिमेत एकही माणूस वगळला जाणार नाही," साहेबांनी माइकवरून जाहीर केलं आणि आरोग्य केंद्राच्या आवारात टाळ्या पडल्या. वाक्य वजनदार होतं. साहेबांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्या वेळी 'एकही'पाशी जरा थांबून. त्याच सुमारास पहिल्या रांगेकडून चहाचा ट्रे निघाला होता. तो दुसऱ्या रांगेच्या मध्यावर येऊन रिकामा झाला, भरून आणायला म्हणून आत गेला आणि तिकडेच राहिला. सिस्टर तिसऱ्या रांगेत उभी होती.

तिला त्याचं विशेष वाटलं नाही. आजवर तिनं बऱ्याच मोहिमांची उद्घाटनं उभ्यानं पाहिली होती. रोग बदलत, साहेब बदलत, माइक तोच असे आणि तो तसाच खरखरत असे. या वेळी कॉलरा होता. नाल्यालगतच्या गल्ल्यांत पंधरवडाभर जुलाबाची साथ होती आणि एक धडधाकट बाई सकाळी पाणी भरून आली ती संध्याकाळपर्यंतही टिकली नव्हती. तिला केंद्रात आणलं तेव्हा सलाइन लावायला शीर सापडेना. शीर शोधणारी सिस्टरच होती. त्यामुळे भाषण कसंही असो, लशीचा डोस प्रत्येकाच्या पोटात गेला पाहिजे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

भाषणानंतर तिनं साहेबांना गाठलं.

"साहेब, आम्हा लोकांचा डोस?"

"तुमचा डोस तुमच्या घरी. तुमच्या वस्तीची टीम येईल ना. इथं दिला आणि तिथंही दिला, तर हिशोबात डबल धरला जाईल."

"पण मी घरी नसते."

"का?"

"इथं असते."

साहेबांनी विचार केला. "मग घरच्यांना सांगून ठेवा."

"घरी कुणी नसतं."

"मग शेजाऱ्यांना सांगा," साहेब म्हणाले आणि एक प्रश्न सुटल्याच्या समाधानात जीपकडे गेले.

कामाची पद्धत सोपी होती. सिस्टरनं कुपीचं टोक मोडायचं, डोस समोरच्याच्या तोंडात रिकामा करायचा, तो गिळेपर्यंत हलायचं नाही, मग डाव्या करंगळीच्या नखावर जांभळ्या मार्करनं रेघ ओढायची. तिच्या जोडीला वस्तीतलीच एक तोंडाळ, हसरी बाई दिली होती. तिच्याकडे खडू असे, म्हणून सगळे तिला खडूवाली म्हणत. घरातल्या सगळ्यांचा डोस झाला की दारावर बरोबरची खूण. कुलूप असलं किंवा कुणी नकार दिला, तर फुली. कुलपाच्या फुलीवर तीन फेऱ्या मारायच्या, आणि तिसऱ्या फेरीलाही कुणी भेटलं नाही तर फुली पुसून गोल काढायचा. गोल म्हणजे घर रिकामं, इथं कुणी राहत नाही. नकाराची फुली मात्र मोहीम संपेपर्यंत सोडायची नाही. रोज जायचं.

आणि बसायचं. हे ट्रेनिंगमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. "नकार देणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. त्याला वाटतं आपण वसुलीला आलोय. आत जा, बसा, चौकशी करा, पाणी दिलं तर प्या." मग त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, पाणी नका पिऊ. पण बसा."

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सिस्टरला बसायची वेळ आली नाही. लोक पटापट डोस घेत होते. नाल्यापलीकडची बाई कशी गेली हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पोरं नख रंगवून मिळतंय म्हणून दोनदा रांगेत येत होती आणि आयांचे धपाटे खात होती. सिस्टरचे गुडघे दुखायला लागले. आणि मग गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली, एका म्हाताऱ्यानं हात आडवा करून सांगितलं, "मी नाही घेणार."

"का, काका?"

"कॉलरा कशानं होतो?"

"घाण पाण्यानं."

"या वस्तीला पाणी कोण सोडत होतं?"

खडूवालीनं उत्तर दिलं. "चावीवाले आजोबाच सोडायचे. ही एवढी लोखंडी चावी खांद्यावर घेऊन यायचे. आम्ही हंडे घेऊन यांच्या मागं पळायचो."

चावी अजून दारामागं उभी होती. पुरुषभर उंचीची, वरच्या आडव्या दांड्याला हातानं घासून चकाकी आलेली. पुढे व्हॉल्व्हला मोटर बसली, पाणी आपोआप सुटायला लागलं आणि आजोबांच्या मागं पळायचं कुणाला कारण उरलं नाही.

"आता सांगा," आजोबा म्हणाले, "उभी हयात मी पाणी सोडलं. हा डोस मी प्यायलो तर त्याचा अर्थ काय होतो?"

"तुमच्या वेळचं पाणी चांगलंच होतं, काका. आता पाइप कुजलेत."

"पाइप माझ्यासमोर टाकलेत. ते नाही कुजत."

पाइप कुजले होतेच. तीन ठिकाणी नाल्याचं पाणी त्यांत शिरत होतं, रस्ता खणून सगळ्यांना दाखवून झालं होतं. पण सिस्टर वाद घालायला आली नव्हती. नियमाप्रमाणे ती आत गेली. आजोबांनी खुर्ची टॉवेलनं पुसली, तिच्या पायाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि ती डुगडुगत नाही ना हे दाबून पाहिलं. ती बसली. गुडघ्यांतून एक कळ निघून गेली.

"पाणी?"

"नको, काका."

"बघा! तुम्हीसुद्धा!"

सिस्टर ओशाळली. "चहा चालेल. उकळलेला असतो."

आजोबांनी चहा केला. चांगला उकळला. कप देताना विचारलं, "जेवलात का?"

साधा प्रश्न होता. सिस्टरला उत्तर चटकन आठवेना, कारण तो कुणी विचारून बरेच दिवस झाले होते.

"मुलं?" तिनं विषय बदलला.

"एक मुलगा. लांब असतो. रविवारी फोन करतो."

"माझी मुलगीपण रविवारीच करते."

"सगळ्यांना रविवारच सापडतो," आजोबा म्हणाले. "मग लाइन लागत नाही."

खडूवालीनं जाताना दारावर फुली मारली. आजोबांनी बाहेर येऊन ती पाहिली आणि विचारलं, "याचा अर्थ काय?"

"उद्या परत येणार," खडूवाली म्हणाली.

"बरं," आजोबा म्हणाले. नकार दिलेला माणूस इतक्या समाधानानं 'बरं' म्हणतो हे सिस्टरनं पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी ती आपल्या खोलीवर पोचली. तिची वस्ती शहराच्या दुसऱ्या अंगाला होती. एका बाजूला भंगाराचं गोदाम, दुसऱ्या बाजूला नवं बिऱ्हाड, समोर भिंत. दारावर फुली होती. सुबक, दोन्ही रेघा सारख्या. तिच्या वस्तीची टीम येऊन गेली होती. ज्या वेळी ती दुसऱ्यांची कुलपं पाहत फिरत होती, त्या वेळी कुणीतरी तिचं पाहिलं होतं. तिला हसू आलं. सांगावं म्हणून तिनं मागं वळून पाहिलं, तर मागं भिंत.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी दाढी केली होती.

"आज पोट रिकामं आहे. रिकाम्या पोटी नको."

"रिकाम्या पोटीही चालतो, काका."

"तुम्हाला चालत असेल."

ती बसली. आजोबांनी पाइप कसे टाकले, पहिल्या दिवशी पाणी आलं तेव्हा लोक कसे नाचले, एका बाईनं त्यांच्या चावीलाच कसा हार घातला, हे सांगितलं. सिस्टरनं तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या केसची गोष्ट सांगितली, ज्यात बाळाआधी बाप बेशुद्ध पडला होता. आजोबा इतके हसले की खोकला लागला. बाहेर खडूवालीनं कंटाळून फुली गिरवून जाड केली.

तिसऱ्या दिवशी डोस कडू असतो असं त्यांच्या कानावर आलं होतं.

आता हा एकच नकार उरल्यामुळे प्रकरण वर गेलं. चौथ्या दिवशी साहेब आले. त्यांच्याबरोबर डॉक्टर आले, वस्तीचे लीडर आले, लीडरबरोबर त्यांच्यामागं कायम असणारी दोन माणसं आली. आजोबांनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या आणि ते शर्टाची वरची गुंडी लावून बसले होते.

"सिस्टर," शेजारची सून हळूच म्हणाली, "त्या खुर्च्या आमच्या आहेत. सकाळीच घेऊन गेलेत. आमच्यात सगळे जमिनीवर बसलेत."

"अगं, पण त्यांना कसं माहीत साहेब येणार ते?"

"रोज नेतात. कुणी येईल म्हणून." मग तिनं आपली जांभळी करंगळी पुढे केली. "आम्ही मुकाट्यानं घेतला, आमच्या दारावर बरोबर झालं. आता आम्हाला कुणी विचारतंय? यांच्या फुलीला डॉक्टर काय, लीडर काय! पुढच्या वेळी मीपण नाही म्हणणार."

आत लीडर म्हणत होते, "आजोबा, वस्तीच्या इज्जतीचा सवाल आहे."

"तू नळाखाली नागडा बसायचास तेव्हा पाणी मी सोडायचो," आजोबा म्हणाले. "मला इज्जत नको शिकवू."

लीडरच्या मागची दोन माणसं हसली आणि मग लीडरकडे पाहून थांबली. साहेबांनी घसा साफ केला आणि खोलीत माइक नसूनही "एकही माणूस वगळला जाणार नाही" हे वाक्य म्हटलं. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी चहा घेतला. डोस कुणी घेतला नाही.

परत जाताना डॉक्टर म्हणाले, "हट्टी आहे म्हातारा."

म्हातारा हट्टी नव्हता हे सिस्टरला दाढी पाहिली त्याच दिवशी समजलं होतं. समजूनही ती रोज त्या खुर्चीत बसत होती, चहा पीत होती, आणि 'बरं, उद्या' म्हणून उठत होती. जोर लावला असता तर कदाचित दुसऱ्याच दिवशी त्यांनी डोस घेतला असता. मग त्या दारावर बरोबरची खूण झाली असती आणि नियमाप्रमाणे तिला तिथं थांबायचं कारण राहिलं नसतं.

त्या संध्याकाळी खोलीवर आली तेव्हा दारावरच्या फुलीशेजारी आणखी एक बारीक रेघ होती. दुसरी फेरी. ती दारातच उभी राहिली. त्या बाईची शीर तिला आठवली, बोटाखाली न लागणारी. ती बाई तिशीतली होती. आजोबांचा दंड तर तिच्या मनगटाएवढा होता. त्यांना सकाळी जुलाब लागले तर दुपारीसुद्धा शोधायला शीर राहणार नाही. आणि दुसऱ्या सकाळी ते शेजारी खुर्च्या मागायला आले नाहीत, तोपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही.

शेवटच्या दिवशी तिनं बसायच्या आधीच डोसची पेटी उघडली.

"काका, आज नाटक नको. आज घ्यायचा."

"तुम्ही घेतलात?"

"माझं सोडा."

"का सोडू? हात दाखवा."

तिनं डावा हात पाठीमागं नेला. मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तो पुढं केला. करंगळीचं नख कोरं होतं.

आजोबांनी ते नीट पाहिलं. "वा! जगाला पाजत फिरता आणि स्वतः?"

"मला माझ्या घरी मिळणार आहे. माझ्या वस्तीची टीम देणार. नियम आहे."

"मग घेतला का नाही?"

"ते येतात तेव्हा घर बंद असतं."

"का?"

"मी इथं असते ना, काका."

आजोबा हसले. खो खो हसले, गुडघ्यावर थाप मारून. दारातली खडूवालीही हसायला लागली. मग आजोबांचं हसणं मधेच थांबलं.

"म्हणजे दार उघडायला घरी कुणीच नसतं."

"नसतं."

"फुली मारली असेल."

"दोन फेऱ्या झाल्यात. आज तिसरी."

आजोबा थोडा वेळ दारामागच्या चावीकडे बघत बसले. मग त्यांनी शेजाऱ्यांची रिकामी खुर्ची पायानं बाजूला सारली आणि हात पुढं केला.

"आणा."

"काका?"

"आणा म्हणतो ना. मी नाही म्हटलं की तुम्ही इथं येऊन बसता, आणि तिकडं तुमचं दार बंद राहतं. मला काय, माझ्याकडे काल डॉक्टर येऊन गेला." त्यांनी तोंड उघडलं, कुपी रिकामी झाली, गिळलं आणि तोंड वाकडं केलं. "कडूच आहे. मी सांगत होतो."

सिस्टरनं करंगळी धरून रेघ ओढली. नख जाड आणि पिवळं होतं. शाई लवकर बसेना, म्हणून तिनं ते थोडा जास्त वेळ धरून ठेवलं.

"दोन आठवड्यांनी दुसरा डोस असतो," ती म्हणाली. "त्याला मी येईन."

"तुम्हीच?"

"मीच."

"चहा ठेवीन. आता पळा."

बाहेर खडूवालीनं फुली फडक्यानं पुसून बरोबरची खूण केली. इतकी मोठी की ती कोपऱ्यावरून दिसावी. "सिस्टर, जा तुम्ही," ती म्हणाली. "आपल्या गल्ल्या संपल्या. पेटी मी पोचवते."

सिस्टर नोकरीत पहिल्यांदा वेळेआधी निघाली. बस मिळाली, उभं राहायला जागाही मिळाली. आपल्या गल्लीत वळताना ती जवळजवळ पळत होती, गुडघ्यांना न विचारता.

दारावर गोल होता.

खडू ताजा होता. बोट लावलं तर बोटाला आला. शेजारच्या बिऱ्हाडातली बाई दारात भांडी निथळत ठेवत होती.

"टीम आली होती?"

"आत्ताच गेली. चहा पिण्याइतका वेळ झाला असेल."

"काय म्हणाले?"

"विचारत होते इथं कोण राहतं. मी म्हटलं, आधी एक बाई असायची. सकाळी अंधारात जायची, संध्याकाळी यायची, दिसायची नाही. हल्ली बहुतेक सोडून गेली."

"मीच ती."

"अच्छा!" बाई म्हणाली आणि मनापासून हसली. "तुम्ही का! बरं झालं, ओळख झाली."

सिस्टर कोपऱ्यापर्यंत गेली. टीम दिसली नाही. परत येऊन तिनं दार सताड उघडं टाकलं, खुर्ची उंबऱ्याशी ओढली आणि दिवस मावळेपर्यंत बसून राहिली. तीन फेऱ्यांनंतर चौथी नसते हे तिला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सांगून पाहिलं. साहेब हळहळले. "अहो, काल संध्याकाळीच तुमच्या वस्तीचं शंभर टक्के काम पूर्ण झाल्याचं मी वर कळवलं. रिकामी घरं धरत नाहीत त्यात. आता तुम्ही राहता असं निघालं, तर शंभर राहत नाहीत." मग ते म्हणाले, "आणि तुम्हाला काय होतंय? तुम्ही तर आमच्यातल्याच."

समारोपाला वस्तीतला शेवटचा नकार मिटवल्याबद्दल सिस्टरला पहिल्या रांगेत उभं केलं. साहेबांनी सांगितलं की एकही माणूस वगळला गेला नाही. टाळ्या पडल्या. उद्घाटनाच्या वेळी मागच्यांना चहा मिळाला नाही अशी तक्रार झाल्यामुळे या वेळी ट्रे मागच्या रांगेकडून निघाला होता. पहिल्या रांगेपर्यंत तो आला नाही.

दुसऱ्या डोसच्या आधी परिपत्रक आलं. साठा कमी पडतोय, तूर्त एकच डोस पुरेसा समजावा. पथकं बरखास्त.

ठरल्या दिवशी सिस्टर रजा टाकून गेली. पेटी नव्हती, म्हणून हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना. आजोबांच्या घरात दोनच खुर्च्या मांडलेल्या होत्या. त्यांनी दाढी केली होती. दारावरची बरोबरची खूण अजून ठसठशीत होती. शेजारची सून सांगत होती की ते दार आजोबा कुणाला पुसू देत नाहीत.

"पेटी कुठंय?"

"दुसरा डोस रद्द झाला, काका. एक पुरतो म्हणतात."

"मग तुम्ही कशाला आलात?"

सिस्टरनं खुर्चीखालचा विटेचा तुकडा पायानं नीट केला.

"बसायला."

आजोबांनी स्टोव्ह पेटवला. चहा बराच वेळ उकळला. कप देताना त्यांनी विचारलं, "आणि तुमचा? त्या दिवशी वेळेत पोचलात ना?"

सिस्टरचा डावा हात पर्सखाली होता. तो तिथंच राहिला.

"पोचले."

"झाला?"

"झाला."

"बघा," आजोबा खूश होऊन म्हणाले. "तेवढ्यासाठी तर मी घेतला."

संध्याकाळी ती खोलीवर परतली. गोल तसाच होता, कडा थोड्या पुसट झालेल्या. तिच्या पर्सच्या तळाशी मोहिमेतला खडूचा तुकडा होता. तो तिनं काढला, थोडा वेळ हातात धरला. गोल पुसून बरोबरची खूण करायला क्षणभर लागला असता. पण बरोबरची खूण म्हणजे डोस झाला, आणि तो झाला नव्हता. आणि फुली म्हणजे कुणीतरी परत येणार, आणि कुणी येणार नव्हतं. तिनं खडू पर्समध्ये टाकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मोहीम संपल्यावर खुणा पुसायच्या कुणी, हे कुठंच ठरलेलं नव्हतं.